सह्याद्री बसच्या खिडकीतूनही भेटतो

‘खरा सह्याद्री पायीच बघायचा असतो’ हे वाक्य ठाण्यात फार ऐकू येतं. दर शनिवारी रात्री आमच्या गल्लीतून कुणी ना कुणी सॅक अडकवून निघालेलं असतं, आणि त्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हे वाक्य मला पटत नाही. ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना चार पायऱ्यांत दम लागतो, ज्यांच्या कडेवर मूल आहे, ज्यांना घरच्या आजारपणातून एक रविवार मोकळा मिळत नाही, त्यांनी जुन्नरजवळचा तो सातवाहनकालीन नाणेघाट बघायचाच नाही का? शाळेत सातवाहन त्यांनीही पाठ केले होते.

चांगल्या माहितगारासोबतच्या बसप्रवासाला आपण उगाच कमी लेखतो. खूप जणांसाठी डोंगरापर्यंत पोहोचायची तेवढीच सोय आहे, आणि म्हणूनच ती नीट व्हायला हवी. सध्या बहुतेकदा ती नीट होत नाही, आणि माझा सगळा राग तिथेच आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या चरईतल्या काही बायकांनी मिळून एक छोटी बस केली. ठाणे, कल्याण, मुरबाड, माळशेज, जुन्नर, नाणेघाट असा मार्ग ठरवला आणि एका रात्रीचा मुक्काम ठेवला. आई सत्तरीच्या पुढची, तिच्या मैत्रिणीही त्याच वयाच्या, बरोबर दोन सुना आणि एक कॉलेजात जाणारी नात. जुन्नर तालुक्यातलाच एक तरुण माहितगार आम्ही ठरवला होता आणि तो आदल्या रात्रीच ठाण्यात येऊन राहिला होता. हे त्याने स्वतः सुचवलं. ‘काकू, मी जुन्नरला बसमध्ये चढलो तर निम्मी गोष्ट मागेच राहील’ असं तो फोनवर म्हणाला, तेव्हाच मला कळलं की माणूस योग्य मिळालाय.

कारण ही गोष्ट खरंच आपल्याकडून सुरू होते. बस दुर्गाडीच्या पुलावर आली तेव्हा त्याने पहिल्यांदा माइक हातात घेतला. खाली खाडी, शेजारी किल्ला. शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि आरमाराची उभारणी याच खाडीच्या काठाने सुरू झाली, हे आमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत होतं. पण त्याच्याही सोळाशे वर्षं आधी इथे समुद्रापलीकडची गलबतं लागत होती हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात कल्याणचं नाव आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. सोपारा आणि कल्याणला उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादला जाई, मुरबाडच्या बाजूने सह्याद्रीच्या पायथ्याशी जाई, घाट चढून जुन्नरला पोहोचे आणि तिथून पुढे पैठणला. ‘आपण आता त्याच दिशेने चाललोय,’ तो म्हणाला, आणि रायत्याचा पूल ओलांडताना बसमधल्या गप्पा आपोआप थांबल्या होत्या. ज्या रस्त्याने आपण नातेवाइकांच्या लग्नाला जातो, मुरबाडला थांबून चहा पितो, त्याला इतकं वय असेल असं कुणी आम्हाला सांगितलंच नव्हतं.

बसचा खरा फायदा इथे आहे. गाडी स्वतः चालवणाऱ्याला समोरचा ट्रक बघायचा असतो. पायी जाणारा थेट पायथ्याला उतरतो, तोही पहाटेच्या अंधारात. बसमधला माणूस उंचावर बसलेला असतो, हात मोकळे असतात, आणि कुणीतरी त्याला सांगत असतं की आता उजवीकडे बघा. टोकावडं सोडून वैशाखऱ्याच्या आसपास आलो तशी त्याने बस कडेला घ्यायला लावली. समोर सह्याद्रीची भिंत, आणि त्या भिंतीतून वर आलेला नानाचा अंगठा, म्हणजे नाणेघाटाशेजारचा अंगठ्यासारखा कडा. ‘आजी, उद्या दुपारी आपण त्याच्या माथ्यावर असू,’ असं तो आईला म्हणाला. आई त्याच्याकडे बघतच राहिली. पायथ्यापासून त्या वाटेने वर चढणं तिला या जन्मी शक्य नाही. पण बस माळशेज चढून, जुन्नरला वळसा घालून, घाटघरच्या रस्त्याने त्याच कड्याच्या माथ्याजवळ जाते. एकच कडा आधी खालून आणि मग वरून, दोन्हीकडून बघायला मिळतो. कोकण आणि देश यांच्यामधली उंची किती आहे हे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा असं चांगलं कळतं.

माळशेज घाटाबद्दल मी फार लिहीत नाही, धबधब्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. एवढंच सांगते की पावसाळ्यात दरड आणि गर्दी असते, वयस्कर माणसांना घेऊन नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत जा. कड्यांमधले आडवे थर तेव्हा स्वच्छ दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि त्याचा हा बेसाल्ट झाला. याच खडकात पुढे लोकांनी लेणी कोरली. भूगोल आणि इतिहास एका दमात सांगणारा माणूस बसमध्ये असला की घाट संपूच नये असं वाटतं.

जुन्नरच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. मानमोडी, तुळजा, लेण्याद्री आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यातही. आम्ही लेण्याद्री केलं. पायऱ्या बऱ्याच आहेत, ज्यांना चढवणार नव्हतं त्यांच्यासाठी डोली होती. गिरिजात्मजाला नमस्कार करून बहुतेक जण लगेच उतरायला लागतात, गर्दी तशीच वाहत असते. आमच्या माहितगाराने आम्हाला शेजारच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात, नेलं आणि खांबांच्या शेंड्यांवरचे हत्ती, सिंह दाखवले. ज्या लेण्यात आपण गणपतीला हात जोडतो ते मुळात बौद्ध भिक्षूंचं निवासस्थान होतं, हे त्याने फार आदराने सांगितलं. जुन्नरच्या लेखांत यवन, म्हणजे त्या काळचे ग्रीक, म्हणून नोंदलेल्या माणसांची दानं आहेत. मानमोडीला क्षत्रप नहपान या शक राजाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. बाहेरून आलेली माणसं इथे राहिली, त्यांनी इथल्या भिक्षूंसाठी पाण्याची टाकी खोदून दिली. आईची एक मैत्रीण, जी वर्षानुवर्षं अष्टविनायकाला जाते, म्हणाली, ‘इतक्यांदा आले, हे कुणी दाखवलंच नाही गं.’ मला फार वाईट वाटलं ते ऐकून.

शिवनेरीला तर आम्ही निम्म्या जणी वर गेलो, निम्म्या खालीच थांबल्या. सात दरवाजे ओलांडत, शिवाई देवीचं दर्शन घेऊन, जिथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय जन्मले त्या वास्तूपर्यंत. २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यांत हा आहे आणि याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटणारच. पण मला कौतुक वाटलं ते माहितगाराच्या सोबत्याचं. तो खाली थांबलेल्या बायकांजवळ बसला आणि कडा दाखवत त्याने किल्ला खालूनच समजावला. गडावरची गंगा-जमुना टाकी, अंबरखाना, कडेलोट, सगळं. जी माणसं वर जाऊ शकत नाहीत त्यांना पार्किंगमध्ये सोडून द्यायचं नसतं, हे ज्याला कळतं त्याच्याच हाती मी माझ्या आईला देईन.

आता नाणेघाट. जुन्नरहून सकाळी निघालो. वाटेत चावंडचा किल्ला, पूरला कुकडेश्वराचं जुनं कोरीव देऊळ, तिथेच कुकडी नदीचा उगम. मग जीवधनचा किल्ला आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका. घाटघरनंतर बस थांबते आणि थोडं चालल्यावर घाटाचं तोंड येतं. तिथे तो दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. खिंडीतून काही पायऱ्या उतरल्या की गुहा. आई दोघींच्या आधाराने, बसत-उठत, उतरली.

गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. राणी नागनिकेच्या वेळचा, सातकर्णी राजाच्या पत्नीचा. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, सातकर्णी आणि नागनिका, राजपुत्र, एक महारठी म्हणजे मोठा सरदार. मूर्ती केव्हाच गेल्या, वरची नावं राहिली. लेखात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गायी, हत्ती, घोडे, गावं, कार्षापण नाणी. आकडेही कोरलेत, आणि आपण आज लिहितो त्या अंकांचे ते पूर्वज आहेत. माहितगाराने कुणालाही भिंतीला हात लावू दिला नाही. हातभर अंतरावरून बोट फिरवत त्याने एकेक अक्षर दाखवलं.

मग त्याने सांगितलं की या लेखात राणीचं वर्णन महिना-महिना उपवास करणारी, घरात राहूनही तपस्विनीसारखी जगणारी, असं आहे. नवरा गेल्यानंतरची ती. आई गेली कित्येक वर्षं चातुर्मास पाळते. बाबा गेल्यापासून जरा जास्तच. ती काही बोलली नाही, पदराने डोळे पुसले आणि खूप वेळ त्या भिंतीसमोर उभी राहिली. मी इतिहासाच्या पदवीला हा लेख ‘सातवाहनांची साधने’ या मथळ्याखाली चार ओळींत वाचला होता. माझ्या आईला तो तिथे पोहोचल्यावर जितका समजला तितका मला कधीच समजला नव्हता. ‘पायीच बघायचा असतो’ म्हणणाऱ्यांना मला हे सांगायचंय. आई बसने गेली म्हणून तिचं बघणं उणं पडलं नाही.

घाटघरला एका घरात जेवण सांगितलं होतं. इथली वस्ती महादेव कोळ्यांची, भातशेती आणि हिरडा यांवर चालणारी. वाढणाऱ्या मावशींना आमच्यातल्या एकीने हिरड्याबद्दल विचारलं आणि त्या बसूनच राहिल्या सांगत. बाळहिरडा कधी झोडायचा, किती दिवस वाळवायचा, व्यापारी भाव कसा पाडतो. त्यांच्या सासूबाई याच घाटाने डोक्यावर ओझं घेऊन खाली जात असत म्हणे. सातवाहनांच्या काळी बैल उतरत असतील, नंतर याच बायका उतरत राहिल्या. वारशाच्या सहलींत या मावशींसाठी जागा असायलाच हवी, आणि त्यांच्या जेवणाचे पैसे मधल्या कुणाच्या हाती न जाता त्यांच्याच हाती पडायला हवेत. आदल्या रात्री जुन्नरला मासवडी आणि बाजरीची भाकरी खाल्ली होती, ती उत्तम होती, पण मावशींच्या नाचणीच्या भाकरीबरोबर मिळालेल्या गप्पा ताटात वाढून मिळत नाहीत.

आता रागाचा भाग. काही वर्षांपूर्वी आई अशाच एका सहलीला गेली होती, दुसऱ्या एका आयोजकाबरोबर. पत्रकावर ठिकाणांची भली मोठी यादी. बसमध्ये सकाळपासून स्पीकरवर गाणी, मग अंताक्षरी, मग पडद्यावर सिनेमा. खिडक्यांना पडदे ओढलेले, कारण सिनेमा दिसत नव्हता! प्रत्येक ठिकाणी ‘वीस मिनिटं, फोटो काढा, चला’. आईला घरी आल्यावर एकाही जागेचं नाव धड आठवत नव्हतं. माणसं आयुष्यभराच्या काटकसरीतून पैसे काढून येतात. त्यांना डोंगर दाखवतो म्हणून न्यायचं आणि पडदे ओढून बसवायचं, हा अन्याय आहे. दिवसाला दोन, फार तर तीन जागा ठेवा. स्थानिक माहितगाराला नीट मानधन द्या. आणि स्वच्छतागृहं आधी बघून ठेवा. वयस्कर बायका पाणीच पीत नाहीत प्रवासात, या एका भीतीने. आमच्या खेपेला मी आधी फोन करकरून थांबे ठरवले होते, म्हणून आई निर्धास्त होती.

बसने गर्दी होईल, कचरा होईल, असाही आक्षेप येतो आणि तो खरा आहे. नाणेघाटाच्या गुहेत एका वेळी वीस माणसंसुद्धा जास्त होतात. म्हणून लहान बस, आगाऊ नोंदणी, गुहेत पाच-पाच जणांचे गट, असे नियम हवेतच. पण मोठमोठे स्पीकर घेऊन पावसाळ्यात तिथे नाचणाऱ्यांना कुणी अडवत नाही आणि बंदी घालायची वेळ आली की पहिल्यांदा आजीच आठवते, हे मला मान्य नाही.

माझी मागणी एसटीकडे आहे. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर पहिली बस सोडणाऱ्या या महामंडळाकडे गावोगावी पोहोचायचा अनुभव आहे. आज ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, महिलांना निम्मं भाडं आहे. हिवाळ्याच्या शनिवार-रविवारी ठाण्याच्या खोपट आगारातून एक मार्गदर्शित गाडी सोडा, जुन्नरच्या तरुणांना आणि मुलींना प्रशिक्षण देऊन माहितगार म्हणून घ्या, मुक्काम स्थानिक घरांत करा. महिन्यातून एकदा सोडली तरी चालेल. मी विभाग नियंत्रकांसाठी अर्ज लिहून ठेवलाय, ज्यांना सही करायची असेल त्यांनी मला कळवा, मी घरी येऊन घेईन.

आमची पुढची बस दिवाळीनंतर आहे, यावेळी तुळजा लेण्यांसाठी. तिथे गोल घुमटाचं, बारा खांबांचं चैत्यगृह आहे. पायथ्यापासून चढ किती, वाट कशी, खुर्चीवरून एखादीला नेता येईल का, हे आमचा माहितगार पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन बघून येणार आहे. त्याचा फोन आला की जागा किती ते इथेच लिहीन. साठीच्या पुढच्यांना आधी.