एलिक्सिर शिकणाऱ्या पोरांना घाबरवू नका

नागपुरातल्या डेव्हलपर पोरापोरींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'वेबसाठी जावास्क्रिप्ट पुरे. एलिक्सिर वगैरे प्रोग्रॅमिंगच्या भाषा कच्च्या, हौसेच्या. नोकऱ्या नाहीत, वर्ष वाया जाईल.' आयटी पार्कजवळ तर्रीपोहे खाताना आमच्या ऑफिसातल्या एका ज्युनिअर मुलीनं तो दाखवला. महिनाभर आवडीनं शिकत होती, आता सोडायला निघाली होती.

कच्ची कशी? जोझे व्हालिम यांच्या या भाषेची १.० आवृत्ती २०१४ ची, पण ती चालते एर्लांग या जुन्या भाषेच्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे तिचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेवर. एर्लांग १९८६ पासून एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडत गेली. एक कॉल तुटला तरी बाकीचे चालू राहिलेच पाहिजेत, ही तिची पहिली गरज. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हरही एर्लांगमध्येच लिहिला गेला.

'हौसेची' या शब्दाचा मला खरा राग आला. कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी मी संत्र्याच्या भावांचा लाइव्ह बोर्ड केला होता, आधी नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये. एके पहाटे भावाच्या रकान्यात काहीच न भरता नोंद आली. ती एरर मी कुठेच पकडली नव्हती. अख्खा प्रोग्रॅम बंद, सगळ्यांचे स्क्रीन थिजलेले, आणि लिलाव तर सुरू. चूक माझीच. पुढे तोच बोर्ड एलिक्सिरमध्ये, तिच्या फिनिक्स लाइव्हव्ह्यू या वेबच्या साधनानं लिहिला. तशीच नोंद पुन्हा आली, तेव्हा ती वाचणारी एकच प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतंत्र चालणारा छोटा तुकडा, पडली; तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सुपरवायझर प्रोसेसनं लगेच नवी उभी केली, बाकी बोर्ड हलला नाही. मला कळलं ते दुपारी, लॉग वाचताना. कोडही सरळ वाचता येतो: भाव आला, तपासला, क्विंटलचा किलोवर आणला, स्क्रीनवर पाठवला. पाइपच्या खुणेनं (|>) जोडलेल्या चार ओळी. जावास्क्रिप्ट मला जवळपास लिहावीच लागली नाही. आकडेमोडीचं जड काम असेल तर मात्र ही भाषा मंद पडते, तिथे दुसरी घ्या.

नोकऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. नागपुरात एलिक्सिरची जाहिरात मला क्वचितच दिसते. घरचा खर्च अंगावर असेल तर आधी जावास्क्रिप्टच शिका, हे मी त्या पोरीलाही सांगितलं. पण वर्ष वाया? प्रोसेस, त्यांनी एकमेकींना पाठवायचे मेसेज, न बदलणारा डेटा हे एकदा डोक्यात बसलं आणि माझा नोडचा कोडही सुधारला. आता मी एरर कुठे अडवायची ते आधी ठरवतो.

तिनं शिकणं सोडलेलं नाही. बोर्डाचा कोड तिच्याकडे दिलाय, सध्या ती त्यात मिरचीचे भाव जोडतेय.