"कधी बरी होणार गं तू?" असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी

हा प्रश्न मला लग्नात, बारशाला, लिफ्टमध्ये, कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात माया असते हे मला माहितीये म्हणूनच आज नीट लिहितेय. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, ऐन तिशी-चाळिशीत सुद्धा होतो, पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो, आणि तो मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो.

सकाळी तासभर तरी माझी मूठ वळत नाही. गॅसचं बटण दाबून फिरवायचं तर अंगठा साथ देत नाही, दुधाची पिशवी कापायला घेतली तर सुजलेली बोटं कात्रीत जात नाहीत, मग कोमट पाण्यात हात बुडवून बसते आणि हळूहळू एकेक बोट सुटं होतं. आणि अकरा वाजता तीच मी ऑफिसात टाइप करत असते, त्यामुळे लोकांना वाटतं हिला तर काहीच झालेलं नाहीये.

"पॉझिटिव्ह राहा" हे वाक्य मला खरंच जड जातं. कारण मग फ्लेअर आला, म्हणजे आजार अचानक उसळला, रक्ततपासणीत सूज दाखवणारा सीआरपी वाढला, की जणू माझ्याच विचारात काहीतरी कमी पडलं असा अर्थ निघतो. माणूस दुखण्याने आधीच वाकलेला असतो, त्यावर हसतमुख राहायची जबाबदारी कशाला टाकायची?

या आजाराने मला स्वतःकडे बघायला मात्र लावलं. एकदा सासूबाई म्हणाल्या, "पोळ्या बाहेरून आणू, तू बस गं जरा," आणि मला रडूच कोसळलं. बरं वाटून नाही, तर आता आपण घरात काही उपयोगाचे राहिलो नाही असं वाटून. त्या बिचाऱ्या घाबरल्या, काय चुकलं म्हणून विचारत राहिल्या. नंतर मी खूप विचार केला की हे माझ्यात आलं कुठून? आमच्या आया-मावश्या तापातसुद्धा ओट्याशी उभ्या राहायच्या आणि घरभर त्याचं कौतुक व्हायचं, ते कौतुक ऐकतच आम्ही मोठ्या झालो. स्वतःची किंमत राबण्यावर मोजायची ही सवय सांध्यांच्या दुखण्यापेक्षा जास्त दमवते असं माझं ठाम मत झालंय, आणि ती सोडायला मला अजूनही रोज प्रयत्न करावा लागतो.

आता आशेचं. माझ्या आजीच्या ओळखीतल्या एका बाईंना हाच आजार होता, त्यांची बोटं करंगळीच्या बाजूला पार वळली होती, वाटी धरायला दोन्ही तळवे लागायचे. माझी बोटं आज सरळ आहेत. हे मनाच्या ताकदीने झालेलं नाही, मेथोट्रेक्सेटने झालंय, जे 1980 च्या दशकापासून या आजारात रुळलं. आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज चुकूनही नाही, ते जिवावर बेतू शकतं. आमच्यातल्या प्रत्येकीचा एक ठरलेला वार असतो, माझा शनिवार, म्हणजे रविवारी मळमळ झाली तर घरी असते. जोडीला फोलिक अ‍ॅसिड, आणि लिव्हर आणि ब्लड काउंटच्या तपासण्या ठरल्या वेळी. "अगं ते केमोचं औषध, बंद कर, त्यापेक्षा हा काढा घे" असं सांगणाऱ्यांना हात जोडून सांगते, कॅन्सरमध्ये त्याचा डोस याच्या कितीतरी पट असतो, कृपा करून कोणाला औषध सोडायला लावू नका. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये कोरोनाच्या भीतीने लोकांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, जे आमच्या आजारातही देतात, घरात भरून ठेवलं तेव्हा आमच्यासारखे आणि ल्युपसचे (तोही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार) पेशंट दुकानं पालथी घालत होते, औषध म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. पुढे गरज पडली तर बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली औषधं, महाग आहेत, आधी टीबीची तपासणी करावी लागते, पण त्यातल्याच अडॅलिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध, 2014 मध्ये आपल्याच देशात झायडस कंपनीने आणलं. असं काही वाचलं की मला आतून बळ येतं.

त्यामुळे मी "बरी होईन" याची वाट बघत नाही. मी कोकणाचं तिकीट काढते, बुकिंग उघडल्या दिवशी, लोअर बर्थ टाकून, ऐनवेळी कॅन्सल करावं लागेल हे धरून. जमलं तर गेले, नाही तर पुढच्या महिन्यात परत काढलं.

आणि एक, सकाळी तासभर हात आखडत असतील, दोन्ही हातांची बोटं-मनगटं सुजत असतील आणि दीड महिना झाला तरी थांबत नसेल, तर कॅल्शियमच्या गोळ्या खात बसू नका, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे अशा सांध्यांच्या आजारांचे डॉक्टर, गाठा. जवळ नसतील तर फॅमिली डॉक्टरांना आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्यांबद्दल विचारा, पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नाहीच असं होत नाही, दुखत असेल तर परत जा.