कानकोंडं होणं म्हणजे काय, आजी?

शनिवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे नाशिकला संध्याकाळचे साडेसहा (हिवाळ्यात साडेसात) झालेले असताना, माझी अकरा वर्षांची मुलगी तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, फोनवर पुस्तकातली गोष्ट सांगायला बसते. बॉस्टनच्या पश्चिमेला असलेल्या आमच्या छोट्या गावात गेलं वर्षभर हा नेम चुकलेला नाही. सुरुवात एका गोरिलापासून झाली. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात एका दुकानसंकुलात आयव्हन नावाचा गोरिला खरोखरच २७ वर्षं बंद खोलीत राहिला. १९९४ मध्ये त्याला अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात हलवलं. त्याच्यावरून कॅथरिन ॲपलगेट यांनी 'द वन अँड ओन्ली आयव्हन' ही कादंबरी लिहिली. तीत गोरिला स्वतःच बोलतो, अगदी थोडक्या शब्दांत.

ही गोष्ट मराठीत सांगताना लेक अडली. "आजी, तो सॅड नाहीये, पण त्याला काही आठवायचंच नाहीये." आई पलीकडून म्हणाली, "मन मारून राहिलाय बिचारा." लेकीनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि वहीत लिहून ठेवलं. पुढचं पुस्तक होतं 'वंडर'. चेहऱ्यात जन्मजात व्यंग असलेला दहा वर्षांचा मुलगा पाचवीत पहिल्यांदाच शाळेत जातो, त्याची गोष्ट. सगळे आपल्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात तेव्हा त्याला काय वाटतं, हे तिला सांगायचं होतं. आजीनं शब्द दिला, कानकोंडं होणं. आता त्या वहीत हुरहूर आहे, रुखरुख आहे, घालमेल आहे, ओशाळणं आहे. मी तिला सहा वर्षं रविवारच्या मराठी शाळेत नेते आहे. तिथे ती बाराखडी शिकली, फळांची आणि नात्यांची नावं शिकली. पण रुखरुख हा शब्द तिला हवासा वाटेल असं तिथे कधी काही घडलं नव्हतं.

हे सगळं लिहावंसं वाटलं ते आमच्या घरच्या ग्रुपवर झालेल्या वादामुळे. वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्तानं, म्हणजे १५ ऑक्टोबरला, कुणीतरी नेहमीचा सूर लावला, मुलं मराठी वाचत नाहीत. माझी चुलत बहीण नाशिक जिल्ह्यात शिक्षिका आहे. ती म्हणाली, आधी शाळेतली मराठी वाचवा, मग पुस्तकांचं बघू. मी 'श्यामची आई'चं नाव काढलं, तर भाऊ म्हणाला, ताई, आजच्या मुलांना आधीच ताण कमी आहेत का? रडकी पुस्तकं कशाला हातात द्यायची, हलकंफुलकं द्यावं.

दोघांचंही म्हणणं मनापासूनचं आहे, म्हणून उत्तरही मनापासून देते.

बहिणीचं आधी. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा आदेश १६ एप्रिल २०२५ ला निघाला, जूनमध्ये त्याचे शब्द बदलले आणि २९ जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. विरोध करणाऱ्यांच्या बाजूनं मीही होते, इथून जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. त्याआधी ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही मंडळात पेढे वाटले होते. त्या आनंदातली एक गोष्टही मी परत घेणार नाही. पण या दीड-दोन वर्षांच्या सगळ्या चर्चेत मी एक प्रश्न शोधत राहिले आणि तो मला फारसा दिसला नाही. चौथी ते सातवीतल्या मुलीला संध्याकाळी घरी बसून स्वतःहून उचलावीशी वाटेल अशी मराठी कादंबरी कोणती? कोणत्या भाषेचा तास किती मिनिटांचा यावर आपण रस्त्यावर उतरलो. त्या तासानंतर मुलीच्या हातात काय पडतं, याची काळजी मात्र ज्याच्या त्याच्या घरावर सोपवली.

अमेरिकेत आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांना मिडल-ग्रेड म्हणतात. त्यातल्या माझ्या लेकीच्या लाडक्या कादंबऱ्यांमध्ये राक्षस नाहीत, गुप्तहेर नाहीत. घर बदललेली मुलगी, आईवडिलांचं भांडण ऐकणारा मुलगा, मैत्रीण तुटल्यावर डबा एकटीनं खाणारी मुलगी, असलीच माणसं. सगळीच पुस्तकं चांगली नसतात. वारलेली आई, एक कुत्रा आणि एक समजूतदार शिक्षक एवढ्या भांडवलावर निघालेलीही पुष्कळ आहेत, आणि लेक ती विसाव्या पानावर ओळखते. पण चांगली असतात ती मुलाला खरं सांगतात आणि शेवटी तात्पर्य काढत नाहीत.

आता भावाचं उत्तर, आणि ते मला थोडं सविस्तर द्यायचं आहे. कॅथरिन पॅटरसन यांच्या मुलाची मैत्रीण वयाच्या आठव्या वर्षी वीज पडून गेली. मुलाच्या आणि स्वतःच्या त्या दुःखातून त्यांनी १९७७ मध्ये 'ब्रिज टू टेराबिथिया' लिहिलं. जेस आणि लेस्ली ओढ्यापलीकडच्या रानात आपलं एक राज्य उभारतात. एक दिवस जेस शिक्षिकेबरोबर वॉशिंग्टनला चित्रं बघायला जातो, आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस घालवून घरी येतो, तर लेस्ली ओढ्यात पडून गेलेली असते. या पुस्तकावर अमेरिकेतल्या पालकांनीही भरपूर आक्षेप घेतले. १९९० च्या दशकात सर्वांत जास्त तक्रारी आलेल्या पुस्तकांत ते होतं, आणि त्यातला मृत्यू हे तक्रारीचं एक मोठं कारण होतं. तेव्हा माझ्या भावासारखं वाटणारी माणसं इथेही आहेत.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तीन वर्षांपूर्वी गेले. तिकीट एकाचंच जमलं, मी एकटी धावले. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. ती रडली नाही, काही विचारलंही नाही, आणि लहान आहे म्हणून मीही विषय काढला नाही. गेल्या हिवाळ्यात हे पुस्तक संपवून ती रात्री दहाला माझ्या खोलीत आली. बराच वेळ पायाशी बसून राहिली. मग म्हणाली, "आई, आबा गेले त्या दिवशी शाळेत पार्टी होती. मी खूप हसत होते. जेसपण मजा करत होता." तीन वर्षं हे तिच्या पोटात होतं. मी तिची आई असून मला पत्ता नव्हता, आणि ते बाहेर काढण्याइतकी जवळीक तिला एका पुस्तकातल्या मुलाशी वाटली. त्या रात्री आम्ही दोघी आबांवर पहिल्यांदा बोललो. म्हणून सांगते, ताण पुस्तकातून येत नाही रे. तो मुलांकडे आधीच असतो. हलकंफुलकं जरूर द्यावं, माझी लेक तेही पोटभर वाचते. पण फक्त तेच दिलं, तर बाकीचं ओझं तिनं कुठे उतरवायचं?

आणि आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्याच तुरुंगात लिहून काढली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती लेकीला रोज एक रात्र याप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवली. पोहायला घाबरतो म्हणून आई श्यामला मारते, त्या रात्री लेक भडकली. "तो चिडला कसा नाही तिच्यावर?" शनिवारी तिनं आजीलाही तेच विचारलं. आई चाळीस वर्षं शिक्षिका होती. मला वाटलं, आता मातृप्रेमावर दोन शब्द येणार. ती म्हणाली, "चिडला असेल गं. मलापण ते पान आवडत नाही. पण बघ, इतक्या वर्षांनी तुरुंगात बसून त्याला तेसुद्धा आठवतंय." लेकीला ते पटलं. कर्जापायी त्या घराची जी मानहानी होते, तिथे तिनं मला वाचणं थांबवायला सांगितलं आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करायला लावलं.

आपण मोठ्यांनी या पुस्तकावर संस्काराचं लेबल लावून ते बक्षीस समारंभात वाटलं, आणि मुलांना त्याचा वास लागला असं मला वाटतं. गरिबी, लाज, भीती आणि आईचं जाणं हे एका मुलाच्या नजरेनं सांगणारी ती कादंबरी आहे, हे आपण त्यांना सांगितलंच नाही. दुसऱ्या टोकाला प्रकाश नारायण संतांचा लंपन. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या त्या मुलाच्या मनातलं इतकं बारीक मराठीत क्वचितच कुणी लिहिलं असेल. त्याच्या कथांचं 'वनवास' १९९४ मध्ये आलं तेव्हा आम्ही मोठ्यांनी ते उरी धरलं आणि मोठ्यांच्याच कपाटात ठेवलं. त्यातली भाषा अकरा वर्षांच्या मुलीला जड जाते हे खरं, पण शेजारी बसून वाचलं तर जात नाही, हा माझा अनुभव आहे. फास्टर फेणे आणि गोट्या यांनी आम्हाला मनसोक्त हसवलं, पळवलं. लहानग्यांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आहेत, जगात कुठेही मिरवावीत अशी. पण या दोहोंच्या मध्ये, आजच्या पिंपरीतल्या किंवा परभणीतल्या दहा वर्षांच्या मुलीची घालमेल सांगणारी कादंबरी मी प्रत्येक भारतभेटीत शोधते. हाती दोन-तीन येतात. दुकानदार चरित्रं आणि सामान्यज्ञान पुढे करतो.

लिहिणारे नाहीत असं मला वाटत नाही. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं सगळ्यांना खुले केले आहेत. आम्ही इथे बसून ते वाचतो आणि अनेक कथांत कादंबरीचं बी दिसतं. अडतं ते पुढे. इथे मुलांच्या पुस्तकासाठीचं न्यूबेरी पदक १९२२ पासून दिलं जातं आणि ते ग्रंथपालांच्या संघटनेकडून दिलं जातं. पदक मिळालं की गावोगावची ग्रंथालयं ते पुस्तक घेतात, म्हणजे मुलांसाठी गंभीरपणे लिहिणाऱ्याला वाचक आणि प्रकाशकाला धीर, दोन्ही मिळतं. आमच्या गावच्या ग्रंथालयात मुलांच्या विभागाची बाई लेकीला नावानं ओळखते आणि "हे वाचून बघ, मग मला सांग" एवढंच म्हणते. पैसे लागत नाहीत, ग्रंथालय करातून चालतं. याचा हेवा वाटतो तेव्हा मी आठवते की बॉस्टनचं सार्वजनिक ग्रंथालय १८४८ चं, आणि आमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. आठ वर्षं आधीचं. आपल्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात कराची सोय झाली नाही आणि गावोगावची वाचनालयं तुटपुंज्या अनुदानावर राहिली. भाषेसाठी जे लोक रस्त्यावर येऊ शकतात, त्यांनी वाचनालयातल्या मुलांच्या कपाटासाठी आणि तिथे बसणाऱ्या एका वाचत्या माणसाच्या पगारासाठीही यावं, असं मला कळकळीनं वाटतं.

इथलं सगळं छान आहे असं मात्र कुणी समजू नये. इथल्या राष्ट्रीय पाहणीनुसार जवळजवळ रोज आवडीनं वाचणारी तेरा वर्षांची मुलं २०१२ मध्ये २७ टक्के होती, २०२३ मध्ये १४ टक्के उरली. अनेक राज्यांत शाळांच्या कपाटांतून पुस्तकं काढली जात आहेत. लेकीच्या आधीच्या शाळेत प्रत्येक पुस्तकाला गुण होते, आणि त्या वर्षी ती पुस्तकाची पाठ उलटून आधी गुण बघायची. वाचनाची सक्ती आणि मोजदाद इथेही मुलांना पुस्तकापासून तोडते. तिला पुन्हा जोडलं ते त्या ग्रंथपालबाईंनी आणि नाशिकच्या आजीनं, कारण दोघींना पुढे काय झालं ते खरोखर ऐकायचं होतं.

सध्या 'द नाइट डायरी' चालू आहे. वीरा हिरानंदानी यांची, २०१८ ची. फाळणीच्या वेळी सिंधमधल्या मिरपूर खासहून निघालेली बारा वर्षांची निशा आपल्या वारलेल्या आईला रोज रात्री पत्र लिहिते. गेल्या शनिवारी लेक सांगत होती की त्यांना वाटेत प्यायला पाणीही उरलं नाही. आई गप्प झाली. मला वाटलं, फोन अडकला. मग ती म्हणाली, "आमच्या वर्गात होती गं एक. देवळालीच्या छावणीतून यायची. सिंधी." पन्नास वर्षांत आईनं हे मला कधी सांगितलेलं नाही.

लेकीनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि वही पुढे ओढली. "तिचं नाव काय होतं, आजी? आणि ती वर्गात कुणाशेजारी बसायची?"