न्यू फॉरेस्टमधलं कॉटेज आणि आमचा कट्टा

"आठवडाभर कॉटेज घेऊन तिथंही मीच पोळ्या लाटायच्या असतील तर आपलं हॉटेलच बघा," वहिनींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, आणि बुवांचा चेहरा पडला कारण बुवांनी इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्टमधलं गवती छपराचं कॉटेज जवळजवळ फायनल करून आणलेलं, फक्त ॲडव्हान्स भरायचा बाकी.

कट्टा म्हणजे काय, तर इथे लंडनजवळ स्लाव गावात (Slough) देशी किराणा दुकानाच्या पार्किंगला जी बुटकी विटांची भिंत आहे ती. शुक्रवारी भाजी घ्यायला येतो आणि तासभर तिथंच.

वहिनींनी बुवांचा फोन घेतला, किचनचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाल्या हा काय लोखंडी राक्षस बसवलाय. तो आगा होता, बिडाची भलीमोठी शेगडी, कायम गरम असते पण ज्वाळा कुठेच नाही, झाकण उचललं की खाली नुसता तापलेला सपाट तवा. "म्हणजे पोळी भाजेल पण फुलका फुगणार नाही," असा निकाल वहिनींनी दिला. बुवा म्हणाले अहो फुलक्यांसाठी कोणी जंगलात जातं का! यावर वहिनी जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

सोलापूरकराची तक्रार वेगळीच. "जंगल जंगल म्हणताय आणि फोटोत निम्मं माळरान दिसतंय की." इथे अण्णा सुरू झाले. अण्णा बरीच वर्षं तिथून जवळच साउथॅम्प्टनला होते, त्यामुळे न्यू फॉरेस्टचा विषय निघाला की ते थांबत नसतात. म्हणे इंग्लंडच्या विल्यम राजानं 1079 मध्ये हे सगळं शिकारीसाठी राखून ठेवलं, हरणांना झाडी पण लागते आणि मोकळं रान पण, त्यामुळे दोन्ही आहे. त्याचाच पोरगा, तोही विल्यमच, 1100 साली इथंच शिकारीत बाण लागून मेला, मुद्दाम मारला की चुकून ते अजून कोणाला माहीत नाही, तिथं दगड उभा केलाय. नॅशनल पार्क मात्र झालं 2005 मध्ये, म्हणजे कालपरवा.

"दगड बघायला मी येणार नाही," सोलापूरकर. "मला घोड्यांना गाजरं घालायचीत आणि संध्याकाळी बार्बेक्यू."

दोन्हीला बंदी! 2023 पासून तिथल्या कौन्सिलनं नियमच केलाय, घोड्यांना खायला घातलं, हात लावला किंवा रानात बार्बेक्यू पेटवलं तर 100 पौंड दंड होऊ शकतो. सोलापूरकर म्हणाला जंगली घोड्याला गाजर दिलं तर कौन्सिलचं काय जातं. पण ते घोडे जंगली नाहीतच, प्रत्येकाला मालक आहे. आपल्याकडं गावाच्या गायरानात जशी जनावरं सोडतात तसंच हे, फक्त इथं चराईचा हक्क ठरावीक घराला-जमिनीला चिकटलेला असतो आणि तो ज्याच्याकडं आहे तो कॉमनर. त्यांचं अजून कोर्ट भरतं तिथल्या लिंडहर्स्ट गावात, व्हर्डरर्स कोर्ट, आणि त्यांची माणसं घोड्यावरून किंवा गाडीतून जनावरांवर लक्ष ठेवत फिरतात, त्यांना अ‍ॅजिस्टर म्हणतात. घोड्याच्या शेपटीचे केस ठरावीक पद्धतीनं कापलेले असतात, त्यावरून हा कोणत्या अ‍ॅजिस्टरच्या भागातला ते कळतं. गाजर द्यायला लागलं की घोडी रस्त्यावर येऊन गाड्यांची वाट बघतात आणि तिथंच मरतात, म्हणून हा नियम. हे मला पटलं. लोकांच्या चराऊ रानात आपण पाहुणे, आणि वर आपलाच हट्ट कशाला.

मग खरा वाद पेटला, कधी जायचं. बुवांचं कॉटेज ऑगस्टमधलं, शुक्रवार ते शुक्रवार, भाडं ऐकून अण्णांनी हातातली पिशवी खाली ठेवली. शिवाय ऑगस्टमध्ये लिंडहर्स्टच्या त्या एका रस्त्यावर जी रांग लागते ती बघून माणसाला हडपसर आठवतं. अण्णा म्हणाले ऑक्टोबरला चला, डुकरं बघायला. खोटं वाटेल पण खरंय, शरद ऋतूत ओकची फळं पडतात, हिरवी फळं घोड्यांना आणि गायींना विषारी, म्हणून कमीत कमी 60 दिवस डुकरं मोकळी सोडतात आणि ती सगळं साफ करतात. जमीन फार उकरू नये म्हणून नाकात कडी. शिवाय हरणांचा माजाचा सीझन.

"आणि हेदर?" वहिनींनी बरोबर पकडलं. हेदर म्हणजे जांभळ्या फुलांची झुडपं, माळावरचा तो जांभळा गालिचा ऑगस्ट-सप्टेंबरलाच, ऑक्टोबरला तपकिरी होऊन जातो. अण्णा गप्प. बुवांनी लगेच संधी साधली, पण त्यांच्याच पोराची शाळा आडवी आली, ऑक्टोबरला आठवडाभर शाळा बुडवली तर दंड आणि हाफ टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत गेलं तर भाडं परत वर.

मी मध्ये पडलो. तारीख काही का असेना, कॉटेज तिथल्याच ब्रॉकनहर्स्ट गावात स्टेशनपासून चालत जाता येईल असं बघा. इथून जवळच्या रेडिंगहून थेट ट्रेन आहे, आणि अंधार पडल्यावर त्या कुंपण नसलेल्या रस्त्यांवर 40 मैलांच्या लिमिटमध्ये सुद्धा काळा घोडा ऐनवेळेला दिसतो, मला तरी रात्री गाडी चालवायची हौस नाही. गावातच ओढा रस्त्यावरून वाहतो, गायी दुकानांसमोर निवांत उभ्या असतात. आणि तिथं एक मिरत रोड आहे, म्हणजे आपलं मेरठ. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं गावात, चर्चच्या आवारात काही हिंदी सैनिकांच्या कबरी पण आहेत. हे ऐकून सोलापूरकर म्हणाला हे आधी सांगायचं ना, दगडापेक्षा हे बघू.

शेवटी ठरलं ते असं, आठवडा नको, ऑक्टोबरात शुक्रवार ते सोमवार, हाफ टर्म सोडून. हेदर गेलं तेल लावत असं वहिनी म्हणाल्या पण त्यांच्या अटींवर, पहिल्या रात्रीच्या पोळ्या घरून येतील, त्यापुढं एक जेवण पबमध्ये आणि बाकी स्वयंपाक पुरुष मंडळींचा, भांडी धरून. बार्बेक्यूचं बुवा कॉटेजच्या मालकिणीला विचारणार, तिच्या अंगणात ती चालू देत असेल तर ठीक. सोलापूरकर म्हणतोय शेंगाचटणी मी आणतो म्हणजे स्वयंपाकातून सुटलो, यावर अजून एकमत नाही.