शेलफिश मासा नसेल, पण शब्द चुकलेला नाही

अधूनमधून एक फॉरवर्ड फिरत येतो: इंग्रजी ही वेडगळ भाषा. एगप्लांटमध्ये एग नाही, पाइनॲपलमध्ये ना पाइन ना ॲपल, आणि शेलफिश (म्हणजे कोळंबी, खेकडे, शिंपले वगैरे) तर फिशच नव्हे! इंग्रजांना मासा आणि शिंपला यांतला फरकही कळत नव्हता म्हणे. वर शेपूट असं की कवचात दडून बसणाऱ्या या प्राण्यावरूनच ‘सेल्फिश’ शब्द निघाला.

‘शेलफिशला फिश म्हणणं ही घोडचूक.’ हा शब्द जुन्या इंग्रजीतला, हजारएक वर्षांपूर्वीचा. तेव्हा ‘फिश’ म्हणजे पाण्यात राहणारा जवळपास कुठलाही प्राणी. कणा, कल्ले, पर या अटी प्राणिशास्त्राने फार उशिरा घातल्या. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनिअसने आपल्या ग्रंथात १७३५ साली व्हेलला माशांतच बसवलं होतं. त्याच ग्रंथाच्या १७५८च्या आवृत्तीत त्याला सस्तन प्राण्यांत हलवलं. त्यानंतरही १८१८ मध्ये व्हेलच्या तेलावरून न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला उभा राहिला आणि ज्यूरीने निकाल दिला: व्हेल हा मासाच. आपण आजही त्याला देवमासा म्हणतो, आणि तिसऱ्या, कोळंबी, कुर्ल्या आणायला मासळी बाजारातच जातो. तिथे कुणी कणा तपासत नाही.

‘इंग्रजांना फरक कळत नव्हता.’ चांगला कळत होता, म्हणून तर ‘शेल’ वेगळं जोडलं. भारतासाठी त्यांनी केलेल्या १८९७च्या मत्स्यपालन कायद्यात ‘फिश’मध्ये शेलफिश धरावा असं मुद्दाम लिहून ठेवलंय. कायद्याच्या व्याख्या अशाच सोयीने बेतलेल्या असतात. कॅलिफोर्नियात ‘फिश’च्या व्याख्येत अपृष्ठवंशीय प्राणीही येतात, त्या आधारावर २०२२ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने भुंग्यासारख्या बंबलबीलाही धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याचं संरक्षण मिळू शकतं असं ठरवलं. फॉरवर्डवाल्यांना खरा मसाला इथे होता!

‘सेल्फिश हा शेलफिशवरून आला.’ नाही. ‘सेल्फ’ला ‘इश’ प्रत्यय, चाइल्डिशसारखा. शब्द १६४०च्या सुमारासचा, शेलफिशहून कित्येक शतकं लहान.

गंमत म्हणजे चुकून ‘फिश’ झालेला एक शब्द खरंच आहे, आणि नेमका तोच या फॉरवर्डमध्ये नसतो: क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला छोट्या शेवंडासारखा प्राणी. मूळ जुन्या फ्रेंचमधला ‘क्रेव्हिस’. त्याचा शेवट इंग्रजी कानांना फिशसारखा वाटला आणि तसाच रूढ झाला.

शेलफिश या शब्दाबद्दल तक्रारच करायची तर ती वेगळी आहे. त्यात दोन निरनिराळी कुळं एकत्र कोंबलीत: कोळंबी, खेकडा, शेवंड हे कवचधारी (क्रस्टेशियन), आणि कालवं, तिसऱ्या हे शिंपल्यातले मृदुकाय (मोलस्क). स्वयंपाकात त्याने बिघडत नाही, ॲलर्जीत बिघडतं. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला तिसऱ्या बाधतातच असं नाही, पण बाधूही शकतात. युरोपच्या लेबलांच्या नियमांत ही दोन्ही कुळं वेगवेगळी नोंदवलेली आहेत. अमेरिकेच्या २००४च्या कायद्यात आणि आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबल-नियमांतल्या यादीत मात्र फक्त कवचधारी आहेत. म्हणजे कालवांची ॲलर्जी असलेल्याने पाकिटावरची ॲलर्जीची ओळ वाचून थांबू नये, घटकांची पूर्ण यादी वाचावी.