रुग्णवाहिकेवरच्या माणसांनाही बैठकीला बोलवा

पुण्यात हेल्मेटसक्तीची बातमी आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आधी खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्याची काळजी करा; शहराच्या गर्दीत गाडी पळतेच किती? दुसरा तट मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पुढे करतो. मग कुणीतरी मला विचारतं, कारण मी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नमध्ये ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक आहे, म्हणजे जागेवर आणि वाटेत उपचार करणारी.

हेल्मेट घाला, एवढंच मी सांगते. हाड मोडलं तर रस्त्याच्या कडेला ते बांधता येतं, वाहतं रक्त थांबवता येतं, अडलेला श्वास मोकळा करता येतो. मेंदूला बसलेला पहिला मार मात्र कुणालाच पुसता येत नाही, ना मला, ना पुढच्या मोठ्या हॉस्पिटलला. २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली. त्यातली जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची होती.

खड्डेवाल्यांचंही म्हणणं मला पटतं. वाईट याचं वाटतं की वाद दर वेळी तिथेच अडतो, चालक विरुद्ध पोलीस. रस्ता बांधणारा, गाडीची तपासणी करणारा, जखमीला उचलणारा, त्याचं बिल भरणारा, यांच्यापैकी कुणी त्या वादात दिसत नाही.

मी राहते त्या व्हिक्टोरिया राज्यात १९७० साली रस्त्यांवर १,०६१ माणसं गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस इथे सीटबेल्टची सक्ती झाली, जगात सर्वांत आधी. १९७६ मध्ये पोलिसांनी वाटेत कुणालाही थांबवून दारूसाठी श्वास तपासायला सुरुवात केली. १९९० मध्ये सायकलवाल्यांनाही हेल्मेट सक्तीचं झालं. १९७० पासून लोकसंख्या दुपटीवर गेली आणि मृत्यू वर्षाला तीनशेच्या आसपास आले. ‘ती माणसंच शिस्तीची’ हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर मला मान्य नाही. महामार्गांच्या कडेला तारांचे कठडे बसवायला लागले तेव्हा इथल्या खेड्यापाड्यांतही तक्रारी झाल्या, आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांनीही केल्या. शिस्त नंतर आली, आधी व्यवस्था आली.

त्या व्यवस्थेतली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी बोलत नाही. इथे गाडीच्या नोंदणीबरोबर प्रत्येकाकडून एक रक्कम घेतली जाते. ती ट्रान्स्पोर्ट ॲक्सिडेंट कमिशनकडे जाते. चूक कुणाचीही असो, जखमीची ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, पुढची फिजिओथेरपी, सगळ्याचा खर्च हे सरकारी कमिशन उचलतं. जो आयुष्यभराचं बिल भरतो, त्याला अपघातच टाळण्यात रस असतो. म्हणून हेच कमिशन वेगाविरुद्धच्या जाहिरातींवर आणि त्या तारांच्या कठड्यांवरही पैसा घालतं. भारतात मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या कॅशलेस उपचारांची योजना आली, तिचं मला मनापासून स्वागत करावंसं वाटतं. पण बिल भरणाऱ्याने विचारलंही पाहिजे की एकाच वळणावरून इतके जखमी का येतात.

आणि त्याचं उत्तर कुणाला माहीत असतं? रुग्णवाहिकेवरच्या माणसांना.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांसह, आणि प्रत्येकीत डॉक्टर. इथले सहकारी हे ऐकून थक्क होतात. माझा मावसभाऊ बीएएमएस झाल्यावर काही वर्षं अशाच गाडीवर होता. घाटात कुठल्या मोरीपाशी ट्रक उलटतात, पावसाळ्यात कुठला उतार निसरडा होतो, कुठल्या ढाब्यासमोर दुचाकीवाले आडवे येतात, सगळं त्याला आणि त्याच्या पायलटला, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकाला, तोंडपाठ होतं. पुढे त्याने गावात दवाखाना टाकला. मी त्याला दोष देत नाही. रुग्णवाहिकेवर म्हातारं व्हावं असा मार्गच त्याच्यासमोर नव्हता: ना बढती, ना पुढचं शिक्षण. तो गेला आणि त्या रस्त्याबद्दलचं त्याचं सगळं ज्ञानही गेलं.

इथे पॅरामेडिक हा स्वतंत्र पेशा आहे. पदवी लागते, २०१८ पासून देशभर नोंदणीही लागते. पुढे अतिदक्षतेचं प्रशिक्षण घेता येतं, संशोधन करता येतं, शिकवता येतं. पंचवीस-तीस वर्षं गाडीवर काढलेली माणसं मला शिकवायला मिळाली. इथे सारं उत्तम आहे असं मात्र मुळीच नाही. हॉस्पिटलच्या दारात रुग्णासकट तासन्‌तास ताटकळणं आमच्या रोजच्या कामाचा भाग झालंय. कोविडच्या काळात ट्रिपल झीरोचे, म्हणजे इथल्या ००० या आपत्कालीन नंबरचे, फोन उचलायला झालेल्या उशिराशी ३३ मृत्यूंचा संबंध सरकारी चौकशीतच निघाला. पण आमची नोकरी डॉक्टर होईपर्यंतचा थांबा मानली जात नाही, हा फरक मोठा आहे.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने भारतातही आपत्कालीन पॅरामेडिकला आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता मिळाली. आता राज्यात त्यांच्यासाठी कायमची पदं हवीत, वेतनश्रेणी हवी. डॉक्टर गाडीवरून उतरवा असं मी म्हणत नाही. त्यांच्या शेजारी आयुष्यभर हेच काम करणारा माणूस बसवा.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. चर्चा झाली ती टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, याची. बस दाराच्या बाजूवर पडली होती, त्यामुळे दारातून बाहेर पडणं बंद झालं. रुग्णवाहिका शेजारी उभी असती तरी आतल्या माणसांसाठी तिला काय करता आलं असतं? बसच्या खिडक्या फुटतात का, मागचं दार आतून उघडतं का, दुभाजकाचा आणि खांबाचा मार कसा शोषायचा, हे प्रश्न बस रस्त्यावर येण्याआधीचे आहेत.

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत जिल्हाधिकारी बसतात, पोलीस बसतात, आरटीओ आणि बांधकाम खात्याचे अभियंते बसतात. तिथे त्या जिल्ह्यातल्या १०८ च्या एका डॉक्टरला आणि एका पायलटला कायमची खुर्ची द्या. महिन्याभरात कुठून किती जखमी उचलले, कशाने जखमी झाले, हे त्यांनी नकाशावर दाखवावं आणि अभियंत्यांनी पुढच्या बैठकीत त्या जागी काय केलं ते सांगावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर पुढच्याच बैठकीपासून सुरुवात होऊ शकते.