निनावी वाचकास उत्तर: किचन कसं चालतं, ते

निनावी महोदय (किंवा महोदया, नाव लिहायला पैसे पडत नाहीत),

‘मित्रांबरोबर बाहेर जेवायला गेलं की पचका का होतो’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको. “बारा जणांनी बारा पदार्थ मागवायचे आणि मग हॉटेलला नावं ठेवायची. लेखकाला किचन कसं चालतं याची कल्पना दिसत नाही. जीएसटी १८ नाही, ५ टक्के असतो, आणि सर्व्हिस चार्जवरून रडणं हा निव्वळ चिकटपणा आहे. परवडत नसेल तर घरी पिठलं-भात खा.”

जीएसटीचं तुमचं बरोबर. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला ५ टक्केच आहे, एसी असो वा नसो. मी १८ लिहिलं ती चूक, लेखात दुरुस्त केली आहे. (ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांवर जातं तिथल्या रेस्टॉरंटला १८ लागतो, पण तो माझा बचाव नाही.) बघा, चूक मान्य करायला एक ओळ पुरते.

आता ते दुसरं वाक्य. मतभेद असू द्या, पण ‘कल्पना दिसत नाही’? दादर ते अंधेरीदरम्यानच्या किचनांत मी नऊ वर्षं काढली, त्यातली चार तंदूरच्या तोंडाशी. तुम्ही किती काढलीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा ऐका.

मुंबईतल्या ‘पंजाबी-चायनीज-तंदूर’ पाटीच्या हॉटेलात किचन एक नसतं, तीन असतात. करी, तंदूर आणि चायनीज. तिघांचे कारागीर वेगळे, आग वेगळी, वेळ वेगळी. करीवाल्याकडे सकाळीच लाल, पिवळी, पांढरी आणि मखनी ग्रेव्ही पातेल्यांत तयार असते. ऑर्डर आली की पळीभर ग्रेव्ही, वर पनीर किंवा भाजी, सुका मसाला, आणि चार-पाच मिनिटांत बाऊल पासवर, म्हणजे वेटर जिथून पदार्थ उचलतो त्या कट्ट्यावर. कोल्हापुरी, कढाई आणि ‘शेफ स्पेशल’ ही तीन नावं पुष्कळदा एकाच लाल पातेल्यातून निघतात. बारा जणांनी सहा भाज्या मागवूनही सगळ्यांची चव सारखी लागते ती यामुळे. त्यात जेवणाऱ्यांच्या जिभेचा दोष नाही.

तंदूरचं गणित निराळं. भिंतीवर एका वेळी आठ-दहा रोट्या बसतात आणि नान मिनिट-दीड मिनिटात फुगतो. म्हणजे बारा जणांच्या रोट्या चुटकीसरशी व्हायला हव्यात, पण होत नाहीत, कारण त्याच तोंडातून कबाबच्या सळ्या आत गेलेल्या असतात. टिक्का संध्याकाळीच बराचसा भाजून टांगलेला असतो; ऑर्डरवर त्याला पुन्हा काही मिनिटं आत सोडतात. सळ्या आत असताना रोटी थापणं म्हणजे हात भाजून घेणं. मग तंदूरवाला आधी सळ्या काढतो, नंतर रोटीला लागतो. तोवर करी टेबलावर येऊन तिच्यावर तेल आलेलं असतं. उलट झालं तर नान आधी येतो, टोपलीतल्या फडक्यात वाफेने ओला होतो आणि दहा मिनिटांनी चामड्यासारखा ताणला जातो. मैद्याचा गुणच तो. त्यावर लोणी फासून उपयोग नाही.

चायनीजवाला तिसरा. फ्राइड राइसला आधी शिजवून गार केलेला, सुटा भात लागतो आणि कढई धुरावलेली लागते. एका हातात दोन-तीन प्लेटचा माल नीट उडतो. शनिवारी रात्री ९ वाजता सहा प्लेट एकदम टाकल्या की कढई थंड पडते, भाताला पाणी सुटतं आणि समोर येते ती सोया सॉसची खिचडी.

बोंबील फ्रायचंही तेच, आणि हे लिहिल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. ताज्या बोंबलात पाणीच पाणी. चिरून, काटा काढून, तास-दोन तास वजनाखाली दाबून ते काढावं लागतं. घाईत न दाबलेला बोंबील रव्यात घोळवून एकदम चार प्लेट तेलात सोडले, की तेल निवतं, माशातलं पाणी बाहेर येतं, रवा सुटून तळाशी जळतो, आणि ताटलीत येतो तो लगदा. त्याचे पैसे मात्र कुरकुरीत माशाचे.

‘म्हणजे बारा पदार्थ मागवणंच चूक’, असं तुम्ही म्हणाल. मी विचारतो, दोनशे-अडीचशे पदार्थांचं मेन्यूकार्ड छापलं कुणी? आणि ती ऑर्डर घेताना कॅप्टन काय करत होता? त्याचं काम नुसतं लिहून घेण्याचं नाही. स्टार्टर, चायनीज आणि मेन कोर्स एकाच दमात आत पाठवले की प्रत्येक सेक्शन आपापल्या वेळेने माल काढतो आणि बाहेर टेबलावर जत्रा भरते. चांगला कॅप्टन मेन कोर्सची केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) होल्डवर ठेवतो, स्टार्टरच्या प्लेटा अर्ध्या झाल्या की ती सोडतो, आणि रोट्या करी टेबलावर आल्यावरच, पाच-सहाच्या फेऱ्यांनी मागवतो. सहा वेगळ्या भाज्यांऐवजी तीन भाज्या दोन-दोन प्लेट घ्या, हेही त्यानेच सुचवायचं, कारण दोन प्लेट एकाच कढईत एकाच वेळी होतात. पदार्थ कमी ठेवा आणि ८ च्या आत टेबल धरा, हे मी मूळ लेखाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तुमच्या आधी लिहिलं आहे. तिथवर वाचलं असतंत तर पहिलं वाक्य वाचलं असतं. तुमचंही आणि माझंही.

सर्व्हिस चार्जवर वाद घालत बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या कायम केल्या. हॉटेल तो सक्तीने लावू शकत नाही. सहा हजारांच्या बिलावर १० टक्के म्हणजे ६००, आणि त्या ६०० वरही ५ टक्के जीएसटी, म्हणजे ६३० रुपये. ते द्यायचे की वेटरच्या हातात टीप ठेवायची, हे जेवणाऱ्याने ठरवायचं. याला चिकटपणा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. काढून टाकायला सांगा आणि नाहीच ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मी चिकट, तुम्ही उदार, बिल मात्र दोघांचं तेवढंच कमी होईल.

राहिलं पिठलं. ते तुम्ही शिवीसारखं वापरलंत, म्हणून सांगतो. वाटीभर बेसनाला तीन-साडेतीन वाट्या पाणी, लसूण-मिरचीची फोडणी जरा जास्तच, आणि झाकून एक वाफ. पण ते दहा मिनिटं थांबलं की वर साय धरते आणि थिजतं. म्हणून आमच्याकडे आधी पानं मांडतात, माणसं बसतात, आणि मग बेसन कालवायला घेतात.